अनाथ ग्राहीचा संदेश म्यूटेशनने तपासताना: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

नव्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत मला वारंवार एकच क्रम दिसतो. पहिल्या आठवड्यात प्रायमर, म्हणजे डीएनएत बदल घडवायचे छोटे तुकडे, मागवले जातात. महिन्याभरात म्यूटंट (एखादं अमिनो आम्ल बदललेला ग्राही, म्हणजे रिसेप्टर) तयार होतो, पेशींत घातला जातो, सायक्लिक एएमपी हा पेशीतला संदेशवाहक रेणू मोजला जातो. आकडा खाली आला की वहीत वाक्य पडतं: ‘हे अमिनो आम्ल संदेशवहनासाठी आवश्यक आहे.’ म्यूटंट ग्राही पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचला होता का, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

लिगंड, म्हणजे ग्राहीला येऊन बांधला जाणारा रेणू, माहीत असलेल्या ग्राहीत ही चूक कधी ना कधी उघडी पडते. किरणोत्सारी लिगंड बांधून ग्राही मोजता येतात, मात्रा वाढवत नेऊन प्रतिसादाचा आलेख काढता येतो. अनाथ ग्राहीत यातलं काहीच हाताशी नाही, कारण त्याला चालू करणारा रेणूच ठाऊक नाही. हाती असते ती फक्त त्याची मूळ क्रिया, म्हणजे कुणी न उठवताही तो पेशीत देत राहतो तो संदेश. म्हणून इथे तयारी आणि क्रम यांना जास्त महत्त्व आहे. खालचा क्रम जी प्रथिनांशी (ग्राहीचा संदेश पेशीच्या आत नेणाऱ्या प्रथिनांशी) जोडलेल्या, सात वेळा पटल ओलांडणाऱ्या ग्राहींसाठी आहे. उदाहरणाला मी बहुतेक ठिकाणी जीपीआर३ घेतला आहे. हा ३३० अमिनो आम्लांचा ग्राही जीएस या जी प्रथिनामार्फत सायक्लिक एएमपी सतत वाढता ठेवतो. उंदराच्या अंडपेशीत हीच क्रिया अर्धसूत्री विभाजन रोखून धरते, हे २००४ मध्ये दाखवलं गेलं.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

म्यूटेशनने तीन वेगवेगळे प्रश्न विचारता येतात आणि तिघांना लागणारे म्यूटंट वेगळे असतात.

पहिला: हा ग्राही कोणत्या जी प्रथिनाशी बोलतो? मूळ क्रिया फार क्षीण असेल तर ती वाढवणारं म्यूटेशन लागतं. दुसरा: दिसणारी क्रिया ग्राहीची स्वतःची आहे, की पेशीतला किंवा सीरममधला एखादा रेणू ग्राहीच्या खिशात, म्हणजे लिगंड बसण्याच्या पोकळीत, बसून ती करवतो आहे? याला खिशातली म्यूटेशनं लागतात. तिसरा: रुग्णात सापडलेला बदल ग्राही बिघडवतो का? तिथे जागा तुम्ही निवडत नाही, ती आधीच ठरलेली असते.

प्रश्न लिहिण्याआधी प्रायमर मागवू नका. आणि भारतात काम करत असाल तर पुनर्संयोजित डीएनएच्या कामाला संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागते. तो अर्ज याच टप्प्यावर द्या.

२. आधी मूळ ग्राही नीट ओळखा

मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडातून आलेल्या एचईके२९३ पेशी या कामाला चांगल्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून त्या मिळतात. कुठूनही आणा, पण आल्याबरोबर मायकोप्लाझ्माची चाचणी करा, कमी पॅसेजच्या (कमी वेळा नव्या भांड्यात वाढवलेल्या) कुप्या गोठवून ठेवा आणि संपूर्ण अभ्यास पॅसेजच्या ठरावीक पट्ट्यात पुरा करा.

पहिला प्रयोग म्यूटंटशिवाय करायचा. २४ वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येक वेलला एकूण ५०० नॅनोग्रॅम डीएनए द्या. त्यात ग्राहीचं प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं) ०, ५, १०, २५, ५० आणि १०० नॅनोग्रॅम ठेवा, उरलेली भरती रिकाम्या वाहकाने, म्हणजे ग्राहीचं जनुक नसलेल्या प्लाझ्मिडने, करा. एकूण डीएनए सगळीकडे सारखाच राहिला पाहिजे. तो बदलला तर ट्रान्सफेक्शनची, म्हणजे पेशींत डीएनए घालण्याची, कार्यक्षमता बदलते आणि तुम्हाला वाटतं ग्राहीच बदलला.

मोजणी जी प्रथिनानुसार:

जीएससाठी आयबीएमएक्स ०.५ मिलिमोलर घालून सायक्लिक एएमपीचा साठा मोजा. आयबीएमएक्स विसरलात तर फॉस्फोडायएस्टरेज एन्झाइमं तो साठा तुमच्या डोळ्यांदेखत खाऊन टाकतात.

जीआयसाठी आधी फोर्स्कोलिनने (सायक्लिक एएमपी बनवणारं एन्झाइम, सायक्लेज, चालू करणाऱ्या रसायनाने) सायक्लिक एएमपी वर न्यावं लागतं, मगच ग्राही ते किती खाली ओढतो ते दिसतं. फोर्स्कोलिनची मात्रा कमाल प्रतिसादाच्या निम्म्याच्या आसपास ठेवा. कमाल मात्रेत जीआयचा दाब बुडून जातो. खात्रीसाठी जीआय बंद पाडणारं परटुसिस टॉक्सिन, मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम, रात्रभर. जीझेड प्रथिन या टॉक्सिनला दाद देत नाही, हे लक्षात ठेवा.

जीक्यूसाठी लिथियम क्लोराइडच्या उपस्थितीत आयपी-१ (जीक्यूच्या वाटेवर साठणारा रेणू), आणि जोडीला वायएम-२५४८९० हा जीक्यूचा अवरोधक. जी१२ आणि जी१३ यांच्यासाठी एसआरई रिपोर्टर (संदेश आला की चमकणारं जनुक) किंवा टीजीएफ-अल्फा गळण्याची चाचणी. अरेस्टिनची (चालू ग्राहीला बिलगून त्याचा जी प्रथिनाशी संबंध तोडणाऱ्या प्रथिनाची) मोजणी वेगळी करा. ती जी प्रथिनाच्या मोजणीची जागा घेऊ शकत नाही.

सावधान: सीआरई-ल्युसिफरेज रिपोर्टर स्वस्त आणि सोपा असल्यामुळे सगळे त्याच्याकडे धावतात. पण जीक्यूमुळे वाढलेलं कॅल्शियमही तो रिपोर्टर उजळवू शकतं. सीआरई चमकला म्हणजे जीएस ठरलं असं नाही.

तपासा: ग्राहीचा डीएनए वाढतो तसा संदेश वाढतो का? ५ आणि १०० नॅनोग्रॅमला सारखाच आकडा येत असेल तर चाचणी संपृक्त झाली आहे किंवा ग्राही काहीच करत नाही. दोन्ही स्थितींत म्यूटंटकडे वळू नका.

याच टप्प्यावर सीरमचा प्रश्न हाताळा. मोजणीआधीचे काही तास पेशी सीरमविरहित किंवा कोळशाने स्वच्छ केलेल्या सीरममध्ये ठेवून बघा. संदेश पडला तर बाहेरच्या रेणूचा संशय घ्या. न पडल्यास ‘लिगंडाशिवायची क्रिया’ असं लगेच लिहू नका, कारण लिपिड पेशी स्वतःही बनवते. जीपीआर३च्या अलीकडच्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या रचनांत खिशात लिपिडसारखा रेणू दिसला, तोवर बरीच वर्षं त्याची क्रिया पूर्णपणे स्वयंभू मानली जात होती. उलट जीपीआर५२च्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रचनेत ग्राहीचंच दुसरं बाह्य वळण खिशात शिरून बसलेलं आढळलं. दोन्ही ग्राही बाहेरून सारखेच, सतत चालू दिसतात. आतलं कारण वेगळं आहे, आणि ते उलगडायला म्यूटेशन लागतं.

३. जागा निवडणं

बॅलेस्टेरोस-वाइनस्टाईन क्रमांकन वापरा. प्रत्येक हेलिक्समधल्या (पटल ओलांडणाऱ्या सात मळसूत्री भागांपैकी प्रत्येकातल्या) सर्वांत टिकून राहिलेल्या अमिनो आम्लाला ५० हा आकडा मिळतो: तिसऱ्या हेलिक्सचं आर्जिनिन ३.५०, सहाव्याचं प्रोलिन ६.५०. पण हे संरेखन, म्हणजे ग्राहींचे क्रम एकमेकांशी जुळवणं, डोळ्यांनी तपासा. काही ग्राहींत एखादी खूण नसतेच. कॅनाबिनॉइड सीबी१मध्ये ५.५० या जागी प्रोलिन नाही. संगणकाने दिलेला क्रमांक तसाच उचलला तर एका वळणाने चुकीच्या जागी पोहोचाल.

दुसरी गफलत साधी आहे आणि फार होते. ग्राहीच्या सुरुवातीला इन्फ्लुएंझा हीमॅग्लुटिनिनचा १६ अमिनो आम्लांचा संकेतक्रम आणि त्यामागे ८ अमिनो आम्लांचा फ्लॅग टॅग (अँटिबॉडीने ओळखता येणारी खूण) जोडला की सगळे आकडे २४ने सरकतात. एकाच्या वहीत १३१, दुसऱ्याच्या फाइलमध्ये १५५, आणि दोघांना वाटतं आपण दोन वेगळे म्यूटंट बनवले. आकडे नेहमी टॅगविना, मूळ ग्राहीचेच लिहा.

कामाच्या जागा कोणत्या?

३.५०चं आर्जिनिन, म्हणजे अ‍ॅस्पार्टेट-आर्जिनिन-टायरोसिन या तिकडीचा मधला सदस्य, जी प्रथिनाशी जुळणीच्या तळाशी बसतं. तो बदलला की जी प्रथिनाचा संदेश बहुतेकदा जातो. पण इथे कशाने बदलता याला महत्त्व आहे. व्हॅसोप्रेसिनच्या व्ही२ ग्राहीत ही जागा १३७वी. तिथे आर्जिनिनच्या जागी हिस्टिडिन आलं तर मूत्रपिंड पाणी राखू शकत नाही आणि मूत्रपिंडजन्य डायबेटिस इन्सिपिडस होतो. त्याच जागी सिस्टीन किंवा ल्युसिन आलं तर ग्राही सतत चालू राहतो आणि शरीर पाणी नको तितकं धरून ठेवतं. हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. एकच जागा, उलटे आजार. म्हणून एका जागेवर फक्त अ‍ॅलॅनिन घालून निष्कर्ष काढायची सवय सोडा. किमान दोन, शक्यतो तीन वेगळे बदल करा.

क्रिया वाढवायची असेल तर ६.३४ बघा. ६.५०च्या प्रोलिनपासून मागे १६ घरं मोजली की ही जागा येते आणि तिथे लायसिन घालणं ही अनाथ ग्राही जागे करण्याची जुनी युक्ती आहे. अल्फा-१बी अ‍ॅड्रेनर्जिक ग्राहीत ही जागा २९३वी. तिथे मूळ अ‍ॅलॅनिन काढून बाकीची १९ अमिनो आम्लं एकेक करून घातली गेली आणि प्रत्येकाने मूळ क्रिया वाढवली. मूळ अ‍ॅलॅनिन तिथे ब्रेकसारखं काम करत होतं, हे त्यावरून समजलं. तुमच्या ग्राहीत ही युक्ती चालेलच असं नाही, म्हणून तिच्याबरोबर ६.३० किंवा ६.४०चाही एक बदल हाताशी ठेवा.

खिशासाठी तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या आणि सातव्या हेलिक्सच्या बाहेरच्या टोकाकडची, आत तोंड असलेली अमिनो आम्लं निवडा. अरेस्टिनचा प्रश्न असेल तर शेपटीतले सेरिन आणि थ्रिओनिन एकेकटे न बदलता गटाने अ‍ॅलॅनिन करा. एकाची जागा शेजारचा घेतो.

अ‍ॅड्हिजन गटाचे ग्राही या यादीत बसवू नका. त्यांचा ग्राहीलाच जोडलेला, म्हणजे बद्ध अ‍ॅगोनिस्ट आणि स्वतःला कापण्याची जागा यांचा विचार वेगळा लागतो.

४. म्यूटंट बनवणं

हा भाग बहुतेकांना येतो, त्यामुळे थोडक्यात. बदल प्रायमरच्या मध्यावर, दोन्ही बाजूंना १० ते १५ जुळणारे बेस. अचूक पॉलिमरेज, साचा १० ते ५० नॅनोग्रॅम, चक्रं १८च्या वर नेऊ नका. जीसी जास्त असेल तर ३ ते ५ टक्के डीएमएसओ. नंतर डीपीएन-वन एन्झाइम, ३७ अंशांवर तासभर.

सावधान: डीपीएन-वन फक्त मिथाइल लागलेला जुना साचा कापतं. साचा डॅम (मिथाइल लावणारं एन्झाइम) नसलेल्या जिवाणूतून काढला असेल तर तो कापला जाणार नाही आणि सगळ्या वसाहती मूळ प्लाझ्मिडच्याच निघतील.

क्रमवाचन संपूर्ण ग्राहीचं करा. जीपीआर३चा वाचनक्रम थांबा-कोडॉनसह ९९३ बेसचा आहे, दोन्ही टोकांकडून एकेक सँगर वाचन पुरतं. नुसती बदललेली जागा वाचून पुढे गेलात तर पीसीआरने इतरत्र केलेली चूक तुमच्या निष्कर्षात शिरते. प्रत्येक म्यूटंटच्या दोन स्वतंत्र वसाहती ठेवा.

मूळ ग्राही आणि सगळे म्यूटंट यांचं प्लाझ्मिड एकाच दिवशी, एकाच किटने काढा, आणि सांद्रता मोजल्यावर जेलवरही बघा. जुनं मूळ प्लाझ्मिड आणि ताजा म्यूटंट यांची तुलना ही डीएनएच्या दर्जाची तुलना होते.

५. पृष्ठभाग मोजा, संदेशाच्या आधी

माझ्या एका जुन्या प्रकल्पात ३.५०चा अ‍ॅलॅनिन म्यूटंट संपूर्ण निपचित दिसला. तीन महिने आम्ही त्यावर पुढचे म्यूटंट रचत गेलो. मग एका सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, ‘हा बाहेर आलाय का?’ एलायझा (अँटिबॉडीने प्रथिन मोजायची चाचणी) केली. एकूण प्रथिन मूळ ग्राहीएवढंच होतं, पृष्ठभागावर जवळजवळ काही नव्हतं. सगळा ग्राही एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये अडकून पडला होता. त्यानंतर मी ही पायरी संदेशाच्या आधी आणली आणि ती कुणालाही वगळू देत नाही.

पद्धत अशी. पेशी पॉली-डी-लायसिन लावलेल्या वेलमध्ये वाढवा, नाहीतर धुताना एचईके पेशी चादरीसारख्या सुटून येतात. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये १० मिनिटं, डिटर्जंट अजिबात नाही. कधीही मिथेनॉलने स्थिर करू नका, ते पटलाला भोकं पाडतं. अँटिबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून १ ते २ टक्के बीएसए प्रथिनाने अडवणूक, मग फ्लॅगविरोधी अँटिबॉडी, मग एचआरपी एन्झाइम जोडलेली दुसरी अँटिबॉडी, रंग देणारं टीएमबी, आम्लाने थांबवा, ४५० नॅनोमीटरला वाचा. शेजारच्या वेलचा दुसरा संच ०.१ टक्के ट्रायटनने छिद्रित करून एकूण प्रथिन मोजा. रिकाम्या वाहकाचा आकडा दोन्ही संचांतून वजा करा.

एम१ ही फ्लॅग अँटिबॉडी वापरणार असाल तर द्रावणात कॅल्शियम हवं, आणि फ्लॅग प्रथिनाच्या अगदी टोकाला, मोकळा हवा. एम२ला ही अट नाही.

तपासा: एक ग्राही असा ठेवा ज्याचा टॅग आतल्या शेपटीला आहे. डिटर्जंटविना वेलमध्ये तो दिसता कामा नये. दिसला तर पेशी फुटल्या आहेत आणि त्या प्लेटवरचे ‘पृष्ठभागाचे’ सगळे आकडे टाकून द्या.

सतत चालू असलेले म्यूटंट पुष्कळदा पृष्ठभागावर कमी असतात. काही अस्थिर असतात. बीटा-२ अ‍ॅड्रेनर्जिक ग्राहीच्या सतत चालू म्यूटंटमध्ये हे स्पष्ट दिसलं आहे. काही सतत आत ओढले जातात. म्हणून कमी पृष्ठभाग आणि मूळ ग्राहीएवढाच संदेश, याचा अर्थ ‘काही फरक नाही’ असा लावू नका. कदाचित तोच तुमचा सर्वांत जोरदार म्यूटंट असेल.

६. सारख्या पृष्ठभागावर तुलना करा

इथे लोक एक शॉर्टकट घेतात: संदेशाचा आकडा पृष्ठभागाच्या आकड्याने भागतात. भागाकार करू नका. ग्राही वाढत गेला की संदेश एका पातळीनंतर वाढायचा थांबतो, कारण जी प्रथिन आणि सायक्लेज पुरत नाहीत. त्या पट्ट्यात भागाकार मूळ ग्राहीला उगाच दुबळा आणि म्यूटंटला उगाच सबळ दाखवतो.

त्याऐवजी दुसऱ्या पायरीतली डीएनएची चढण पुन्हा करा, या वेळी मूळ आणि म्यूटंट दोघांसाठी, आणि प्रत्येक मात्रेला संदेश व पृष्ठभाग एकाच ट्रान्सफेक्शनमधून मोजा. आडव्या अक्षावर पृष्ठभाग, उभ्यावर संदेश. समजा, ५० नॅनोग्रॅमला मूळ ग्राहीचा पृष्ठभाग १.० आणि म्यूटंटचा ०.३ आला. मूळ ग्राही १० नॅनोग्रॅमला ०.३ देत असेल तर तुलना त्या दोन वेलमध्येच करायची. म्यूटंटची रेघ मूळ ग्राहीच्या रेघेखाली असेल तर संदेश खरोखर घटला. तिच्यावर चढली असेल तर वाढला. दोन्ही एकमेकींवर बसल्या तर म्यूटेशनने फक्त ग्राहीची संख्या बदलली आहे, आणि तेच लिहा. तोही प्रामाणिक निष्कर्ष आहे.

७. अर्थ पक्का करणारे म्यूटंट

खिशातल्या बदलाने संदेश पडला. आता दोन शक्यता उरतात: खिशात बसणारा रेणू गेला, किंवा ग्राहीचं सगळं यंत्रच मोडलं. यातून वाट काढायला दुहेरी म्यूटंट करा. खिशातल्या त्या बदलावर ६.३४चा जागवणारा बदल चढवा. संदेश परत आला तर यंत्र शाबूत आहे आणि खिशाबद्दलचा तुमचा संशय बळकट होतो. नाही आला तर खिशाबद्दल बोलणं थांबवा. तिसरा म्यूटंट म्हणून जागवणारा बदल आणि ३.५०चा बदल एकत्र करा. त्यात संदेश जायला हवा. तरीही राहिला तर तो बहुधा जी प्रथिनाच्या वाटेने येतच नाही.

जी प्रथिनाची खात्री पेशींकडूनच करून घ्या. जीएस जनुक काढून टाकलेल्या एचईके पेशी उपलब्ध आहेत. त्यांत ग्राही घाला, संदेश जातो का पाहा, आणि मग जीएस परत घालून तो परत येतो का तेही पाहा. परत घालण्याचा वेल नसेल तर पहिला निकाल अर्धाच आहे.

रुग्णातला बदल असेल आणि दोनपैकी एकाच प्रतीत असेल, तर म्यूटंट आणि मूळ ग्राही निम्मे-निम्मे एकत्र घालून बघा. काही म्यूटंट शेजारच्या चांगल्या ग्राहीलाही आत ओढून ठेवतात. एकट्या म्यूटंटच्या प्रयोगात हे कधीच दिसणार नाही.

८. प्लेट आणि आकडे

एका प्लेटमधले तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. ‘एन’ म्हणजे वेगवेगळ्या दिवशी केलेली स्वतंत्र ट्रान्सफेक्शनं. तीन कमीत कमी, पाच झाली तर बरं. रिकामा वाहक आणि मूळ ग्राही प्रत्येक प्लेटवर हवेतच. काल केलेल्या प्लेटचा मूळ ग्राही आजच्या म्यूटंटच्या शेजारी मांडू नका.

मूळ ग्राही दर वेळी १०० टक्के धरून मग टी-चाचणी लावली तर त्याची स्वतःची चढउतार नाहीशी होते आणि नसलेला फरक दिसू लागतो. सांख्यिकी मूळ आकड्यांवर करा, टक्केवारी फक्त चित्रापुरती.

कडेच्या वेलमधलं पाणी आधी उडतं. म्यूटंट नेहमी उजव्या कडेला आणि मूळ ग्राही नेहमी मध्ये, असं ठेवलं तर प्लेटचाच परिणाम म्यूटेशनचा वाटेल. जागा दर वेळी बदला आणि कुठे काय होतं ते ट्रान्सफेक्शनच्या आधी वहीत काढून ठेवा.

पहिल्या खऱ्या प्लेटला मी २४ वेलचा आराखडा असा धरते: रिकामा वाहक ३, मूळ ग्राही चार मात्रांना दोन-दोन म्हणजे ८, पहिला म्यूटंट तसाच ८, शेपटीला टॅग असलेला तपासणी-ग्राही २, आणि उरलेल्या ३ वेलमध्ये फोर्स्कोलिन दिलेल्या, ग्राही नसलेल्या पेशी, म्हणजे चाचणी वरपर्यंत जाते का ते कळतं. याची हुबेहूब जुळी प्लेट त्याच ट्रान्सफेक्शन मिश्रणातून, त्याच तासाला, एलायझासाठी लावायची. मिश्रण दोन प्लेटना पुरेल एवढं एकाच नळीत बनवा आणि वाटून घ्या. दोन नळ्यांत वेगळं बनवलं की संदेश आणि पृष्ठभाग दोन वेगळ्या पेशींचे होतात.